पातळ फाइल

५ जानेवारी २००४, सोमवार

खडकीच्या क्वार्टरची पायरी. मे महिना, १९७४. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता, सायकलींचा लोंढा ओसरला होता आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. मध्ये वर्तमानपत्राच्या तुकड्यावर कांदाभजी. येताना यांनी आणली होती.

हे म्हणजे जयसिंग. छत्तीस वर्षांत नाव घेतलं ते उखाण्यातच, त्यामुळे वहीतसुद्धा ‘हे’च येतात.

त्या दिवशी हे वत्सलाच्या दवाखान्यातून आमच्या दोघांचे रिपोर्ट घेऊन आले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. म्हणाले, “तुझ्या नळ्यांत दोष आहे म्हणाल्या वत्सलाताई. माझं ठीक आहे.” मग म्हणाले, “पण मला काही फरक पडत नाही, कुमुद.” रिपोर्टचा लिफाफा त्यांनी शेगडी पेटवायला घेतला. असले कागद कशाला जपायचे, म्हणाले. भजी सगळी मीच खाल्ली. त्यांनी एकालाही हात लावला नाही, माझ्यासाठी ठेवली. नंतर अंधार पडेपर्यंत सायकल धूत बसले होते. सायकल स्वच्छच होती.

हे सगळं आज आठवलं, कारण आज वत्सलाच्या क्लिनिकमध्ये माझा पहिला दिवस होता. आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. आता तिच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्याची कर्वे रोडजवळ तीन मजली इमारत झाली आहे. मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी रोज सकाळपासून रांगेत असतात. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर समुपदेशनाचा वर्षभराचा कोर्स केला, तेव्हापासून ती मागे लागली होती.

“कुमी, मी यांच्या पोटाचं बघते, डोक्याचं बघायला मला वेळ नाही. तू बस. तुझ्यासारखी समाधानी बाई समोर बसली की बायका आपोआप शांत होतात.”

किती वर्षांनी कोणी माझं कौतुक केलं. मूल नसलेली बाई अशीही कुणाच्या उपयोगी पडू शकते.

सिस्टर ॲग्नेसनी शाळेत डायरीची सवय लावली ती इंग्रजीत. पण ही वही मराठीत लिहायचं ठरवलं आहे. ज्या गोष्टी लिहायच्या आहेत, त्या कधी इंग्रजीत घडल्या नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

क्लिनिकची पद्धत हळूहळू कळते आहे. प्रत्येक जोडप्याच्या दोन फाइली. बाईची गुलाबी, पुरुषाची निळी. बाईच्या तपासण्या दोघांसमोर सांगतात. पुरुषाचा रिपोर्ट बंद लिफाफ्यात, फक्त पुरुषाच्या हातात. तशी सही घेतात. वत्सलाचा पहिल्यापासूनचा नियम आहे म्हणे.

मालनबाई इथे वीस वर्षं आया आहे, मुळशीकडची. फाइलींचे गठ्ठे उचलताना मला म्हणाली, “बाई, येक ध्यानात आलं का? बायांच्या फायली जाड आन् बाप्यांच्या पातळ. सगळ्यांच्याच. येकदा तपासलं की बाप्या सुटला.”

मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

२२ जानेवारी, गुरुवार

आज अपेक्षा आणि शुभंकर आले. अमरावतीकडचे, दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत. लग्नाला पाच वर्षं. कंपनीची बस गाठायची म्हणून सकाळी आठलाच येतात, गळ्यात ओळखपत्रं तशीच. ती बोलत होती, तो तिच्या पर्सचा बंद घट्ट धरून बसला होता.

“मॅम, मी गहू सोडला, चहा सोडला, स्कूटी सोडली,” अपेक्षा म्हणाली. “सासूबाई तिकडून फोनवर सांगतात, हे सोड, ते सोड. आता फक्त नोकरी आणि हा, दोनच राहिलेत सोडायचे.”

“अपेक्षा, प्लीज,” शुभंकर म्हणाला.

“जोक होता रे.”

मग मी त्यांना आमची गोष्ट सांगितली. सगळ्यांनाच सांगते आता. यांना सगळं कळूनही यांनी एका शब्दाने मला कधी दुखावलं नाही. वारज्याच्या घरी सासूबाई टोमणे मारायच्या. तुळजाबाई त्यांचं नाव. “शिकल्याली सून आणली, इंग्रजी फाडफाड बोलती, पर पाळणा काय हलंना.” तेव्हा हे मान खाली घालून म्हणायचे, “आई, तिला नको बोलू. माझं नशीब.” आणि १९७५ साली मीच यांना म्हणाले, तुम्ही दुसरं लग्न करा, माझी हरकत नाही. हे ‘नको’ म्हणाले. एवढंच, ‘नको’. मी त्यांच्या पाया पडले.

अपेक्षाचे डोळे भरून आले. तिने शुभंकरचा हात धरला. “आमचाही असाच आहे, मॅम.”

शुभंकर खिडकीबाहेर पाहत होता. संकोची मुलगा.

दाराशी वत्सला उभी होती, तिने शेवटचं ऐकलं असावं. मी म्हटलं, “ये ना.” ती म्हणाली, “नको, ओपीडी आहे,” आणि गेली. दमते बिचारी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज शुभंकर एकटा आला. आल्या आल्या त्याने दार लावून घेतलं आणि निळ्या फाइलीतला लिफाफा टेबलावर ठेवला.

“मॅम, हे दीड वर्षापूर्वीचं आहे. माझं काउंट झीरो आहे. कमी नाही, झीरो. परत केली टेस्ट, तरी झीरो.”

मी विचारलं, “आणि अपेक्षाला?”

“तिला वाटतं तिच्यातच प्रॉब्लेम आहे. मी... मी तसं सांगितलं नाही, मॅम. ॲक्च्युअली तिनेच धरून घेतलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.” आणि तो रडायला लागला. असा रडणारा पुरुष मी पाहिला नव्हता. नाकातून पाणी, हुंदके, अगदी लहान मुलासारखा. “तिला कळलं तर ती राहणार नाही माझ्याजवळ. आमच्याकडे कळलं तर... माझे मोठे काका सरपंच आहेत, मॅम. तुम्हांला नाही कळणार.”

आठ मार्चला तिच्यावर प्रोसिजर आहे. अपेक्षाला वाटतं आहे, त्यात नवऱ्याचंच बीज वापरणार. ते दुसऱ्याचं असणार आहे, डोनरचं. शुभंकरने सही केली आहे. तिची सही ज्या कागदावर घ्यायची, त्यात ती ओळ बारीक इंग्रजीत तिसऱ्या पानावर आहे. तिला शांत ठेवून ती सही घ्यायची, हे काम माझं. त्यासाठीच तो आला होता.

“मॅम, मला तिला गमवायचं नाही. एवढंच आहे.”

मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, बघू.

‘बघू’ का म्हणाले? त्याची दया आली म्हणून. आणि इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही, असं मीच पहिल्या दिवशी सांगते म्हणून. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. घाबरलेल्या माणसाला वेळ द्यावा, असं कोर्समध्ये शिकवलं होतं. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

वत्सलाला विचारलं. जेवणाचा डबा उघडतच ती म्हणाली, “नियम आहे, कुमी. पुरुषाचा रिपोर्ट पुरुषाला. पुढे सांगायचं की नाही, ते त्याचं त्याने बघावं.”

“पण प्रोसिजर तिच्यावर होते आहे.”

“तिला मूल हवंय ना? मूल मिळेल. सत्य सांगून काय होणार? तो गळफास घेईल नाहीतर ती माहेरी जाईल. दोन्ही झालेलं पाहिलंय मी. तू आत्ता महिनाभर बसते आहेस इथे, मी तीस वर्षं बसतेय. लोणचं घे.”

लोणचं घेतलं.

घरी आल्यावर यांना नावं न घेता गोष्ट सांगितली. हे गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होते. मी म्हटलं, “तुम्ही त्या मुलाच्या जागी असतात तर?” हे उकरतच राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्याच्या संसारात पडू नये.” आणि खुरपं धुवायला उठले. पाच मिनिटं नळ वाहत होता. शेवटी मीच जाऊन बंद केला.

१५ फेब्रुवारी, रविवार

वैष्णवीचं डोहाळजेवण. विक्रमची बायको, विक्रम म्हणजे यांचा पुतण्या. वारज्याच्या जमिनीवर आता त्यांचीच सोसायटी उभी आहे, तिच्या गच्चीवर मांडव घातला होता. वैष्णवीला फुलांचा धनुष्यबाण दिला होता. हसत होती, छान दिसत होती.

ओटी भरायची वेळ झाली तशी मी स्वयंपाकघरात गेले. कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई जाऊनही अकरा वर्षं झाली. पण ओटी भरताना मी आत असते, तिथे वाट्या पुसायच्या असतात. मी खास इरकली खण आणला होता, तो पिशवीतच राहिला. वैष्णवी आत डोकावून म्हणाली, “काकू, तुम्ही भरा ना ओटी, मला चालतं हो.” मी म्हटलं, “हात ओले आहेत ग.”

हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात हातात घेऊन ठेवला, कर्वेनगर येईपर्यंत. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अपेक्षा आज एकटी आली. बसलीसुद्धा नाही.

“मॅम, मी ठरवलंय. आठ तारखेचं फेल गेलं, तर मी शुभंकरला डिव्होर्स देणार. त्याने दुसरं लग्न करावं. तो ‘नाही’ म्हणेल, मला माहितीय. म्हणून आधी तुम्हांला सांगते. तुम्ही त्याला समजवा. तुम्हीही तसंच म्हणाला होतात ना काकांना? तुमच्यामुळेच सुचलं मला. मी फक्त एक करणार नाही, पाया-बिया पडणार नाही.” ती हसली. “त्याला ऑकवर्ड होईल.”

तिच्या दंडावर इंजेक्शनांचे निळे डाग होते. मोजले नाहीत.

ही मुलगी माझ्या गोष्टीवरून चालली आहे. माझीच गोष्ट मी तिला खाऊसारखी दिली, आणि ती त्या गोष्टीसारखीच वागते आहे. फरक एकच. हिच्यात काही दोष नाही, आणि माझ्यात होता.

उद्या वत्सलाशी स्पष्ट बोलणार. सांगावंच लागेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिहवत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता लिहिते. जसं झालं तसं.

वत्सलाच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, अपेक्षाला सांगितलंच पाहिजे, ती घटस्फोट द्यायला निघाली आहे. ती म्हणाली, देणार नाही, बायका नुसतं बोलतात. मी म्हटलं, मी सांगणार. ती चिडली. चष्मा काढून टेबलावर टाकला.

“आणि काय मिळवशील? कुमी, तू स्वतःकडे बघ जरा. कसा संसार केलास! तीस वर्षांत नवऱ्याशी एक मोठं भांडण नाही तुझं. तुला कोणी सांगितलं असतं, तर झाला असता असा संसार?”

“मला काय सांगितलं असतं?”

तिने चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर मालनबाई कोणाला तरी ‘चपला हितं काढा’ म्हणत होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

“काय सांगितलं असतं, वत्सू?”

“तुझ्या नळ्या उघड्या होत्या,” ती म्हणाली. “तुझ्यात काहीच नव्हतं. जयसिंगरावांचं शून्य होतं. रिपोर्ट घ्यायला आले ते माझ्यासमोर बसून रडले. म्हणाले, कुमुदला सांगू नका, ती जाईल. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते ग. पहिलीच तशी केस. मी म्हटलं, ठीक आहे, तुमचा रिपोर्ट तुमच्याकडे. हा नियम तिथून सुरू झाला. आणि तुझ्याकडे बघून मला पटत गेलं, बरोबरच केलं आपण.”

म्हणजे हा नियम माझाच आहे. तीस वर्षं इथे ज्या बायकांच्या फाइली जाड झाल्या, त्या माझं बरं चाललं आहे हे बघून.

मी विचारलं, “मग ते क्युरेटिंग? दोन वेळा माझी पिशवी साफ केलीस. दुसऱ्यांदा किती रक्त गेलं होतं. ते का केलंस?”

“काहीतरी चालू आहे असं तुला वाटायला नको होतं का? नाहीतर तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असतीस.”

हे तिने शांतपणे सांगितलं. हिशेब समजावून द्यावा तसं. मग म्हणाली, “मी तुझं घर वाचवलं, कुमी.”

त्या दुसऱ्या क्युरेटिंगच्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा हिनेच माझं कपाळ पुसलं होतं. शाळेतली प्रार्थना म्हणत होती, हळू आवाजात, इंग्रजीत. तीस वर्षं मला वाटत आलं आहे की माझ्यावर कोणी सगळ्यात जास्त माया केली असेल तर ती त्या पाच मिनिटांत.

२९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस घरात बोलले नाही. यांनी विचारलं नाही, त्यावरूनच कळायला हवं होतं. आज दुपारी हे जुना मिक्सर उघडून बसले होते. मी समोर खुर्ची ओढली.

“वत्सलाताई बोलल्या?” हेच म्हणाले. मान वर केली नाही.

“हो.”

स्क्रू एकेक करून वाटीत टाकत होते. “आईला कळलं असतं तर तिने जीव दिला असता.”

“आणि मला ती जे बोलत होती, त्याने मी दिला असता तर?”

“मी तुला जपलं, कुमुद. कधी काही कमी केलं?”

“तुम्ही मला माफ करत राहिलात, अहो. रोज. तीस वर्षं. माझं काय चुकलं होतं?”

यांचे हात थांबले होते.

“मी पाया पडले होते तुमच्या. दुसरं लग्न करा म्हणाले, तुम्ही नको म्हणालात, आणि मी पाया पडले. आठवतंय?”

“आठवतंय.”

“पाय मागे घेतले नाहीत तुम्ही.”

खाली मुलं क्रिकेट खेळत होती, आउट की नॉटआउट यावर भांडत होती. हे म्हणाले, “वाटलं, तू जाशील. तू शिकलेली. इंग्रजी शाळेतली. मी वारज्याचा.”

“विचारलं असतंत तर गेले नसते.”

“आता?”

मी स्क्रूंची वाटी त्यांच्याकडे सरकवली. हे उठले, म्हणाले, “चहा टाकतो.” आयुष्यात पहिल्यांदा टाकला. साखर फार झाली होती. मी प्यायले. काय करणार, सवय आहे.

हे दुष्ट असते तर सोपं होतं. माझं सगळं प्रेम खरं होतं आणि ते खोट्यावर उभं होतं, या दोन गोष्टी एकाच बाईने कुठे ठेवायच्या?

४ मार्च, गुरुवार

काल शुभंकरला फोन करून सांगितलं होतं: उद्या तुम्ही दोघं या, आणि तो लिफाफा आणा. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही हा माझा शब्द मी मोडणार नाही. पण जे तिला माहीत नाही, त्यावर मी तिची सही घेणार नाही, आणि का घेत नाही ते तिला सांगेन. तो म्हणाला, “मॅम, यू प्रॉमिस्ड.” मी म्हटलं, “मी ‘बघू’ म्हणाले होते. बघितलं.”

आठला आले. लिफाफा मी दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवला.

“हे काय आहे?” अपेक्षाने विचारलं.

“शुभंकर सांगेल. मी उघडणार नाही. पण तो इथून बंद गेला, तर आठ तारखेची प्रोसिजर होणार नाही. तुमची सही घ्यायचं काम माझं आहे, आणि मी ती घेत नाहीये.”

मला वाटलं, तो उठून जाईल. उठलासुद्धा. दारापर्यंत गेला. मग परत येऊन बसला आणि लिफाफा उघडला. वाचायला लागला. रिपोर्ट इंग्रजीत होता, तो इंग्रजीतच वाचत होता, तारीख, लॅबचं नाव, वय, सगळं, जणू मध्येच दुसरं काही निघेल. ‘झीरो’वर त्याचा आवाज गेला. त्याने पुन्हा वाचलं, मोठ्याने.

“ही तारीख २००२ ची आहे,” अपेक्षा म्हणाली.

“हो.”

“म्हणजे गेल्या वर्षीची माझी लॅप्रोस्कोपी याच्यानंतरची.”

“हो.”

“आणि सोमवारी? सोमवारी काय वापरणार होतात?”

त्याने रिपोर्टची घडी घातली. तिला कळलं. मी आयुष्यात पुष्कळ मुलींना नापास झाल्याचं सांगितलं आहे, पण असा चेहरा कधी पाहिला नाही. ती रडली नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवलं, आज ऑफिसला जायचं नाही असं ठरवल्यासारखं.

“झीरोचं मला काही वाटलं नसतं रे,” ती म्हणाली. “मी गहू सोडला तेव्हा तू माझ्यासमोर बसून पोळी खात होतास.”

मग माझ्याकडे वळली. “तुम्हांला कधीपासून माहीत होतं?”

“तीन फेब्रुवारीपासून.”

“महिना.”

“हो. माझं चुकलं.”

ती एकटीच रिक्षाने गेली. शुभंकर अर्धा तास तसाच बसून होता. मालनबाईने त्याला चहा आणून दिला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “पोरगं बरं हाय. वाचलं तरी.”

वत्सलाने संध्याकाळी निरोप पाठवला, उद्यापासून यायची गरज नाही.

९ मार्च, मंगळवार

मालनबाई घरी आली. चप्पल दाराबाहेर काढून, पदर सावरून बसली. हे आतल्या खोलीत होते. तिने पिशवीतून एक जुनी फाइल काढली. गुलाबी रंग उडून गेलेला. चांगली जाड. वर माझं नाव, वत्सलाच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात.

“डाक्टरीण बाईंनी दिलीया. म्हनल्या, कुमुदबाईच्या हातात दे, दुसऱ्या कुनाच्या नको.”

“आणि काय म्हणाल्या?”

“काय न्हाई. रडत व्हत्या वाटतं. मला काय, मी दाराम्होरं उभी.” मग जरा वेळाने, “बाई, तुमचीबी जाडच निघाली की.”

चिठ्ठी नव्हती. दोन्ही क्युरेटिंगचे कागद होते. आणि सगळ्यात खाली मे १९७४ चा माझ्या नळ्यांचा रिपोर्ट. दोन्ही बाजू मोकळ्या. सर्व काही व्यवस्थित.

म्हणजे शेगडीत गेला तो फक्त यांचा.

अपेक्षाचा सकाळी फोन आला होता. मैत्रिणीकडे बाणेरला राहते आहे. आठ तारीख तिने स्वतःच रद्द केली. “परत जाईन की नाही माहीत नाही, मॅम. तो रोज खाली येऊन उभा राहतो. वर ये म्हटलं नाही मी अजून. पण त्याने आईला सांगितलं, फोनवर, माझ्यासमोर. स्पीकर ऑन करून.” मग म्हणाली, “मी पोळी खाल्ली आज. तीन.”

१२ मार्च, शुक्रवार

उद्या सकाळच्या एसटीने पाचगणीला जाते. सिस्टर ॲग्नेस आता तिथल्या शाळेत आहेत, ऐंशीच्या पुढच्या. होस्टेलच्या मुलींना सांभाळायला कोणी हवं आहे म्हणून लिहिलं होतं, मी होकार कळवला. किती दिवस, ते ठरवलेलं नाही. यांनी विचारलं, “परत येशील ना?” मी म्हटलं, “विचारलंत, बरं केलंत.” याहून जास्त मला आज बोलता येत नाही.

घर लावून ठेवलं आहे. काय कोणाला द्यायचं ते इथे लिहिते. वही स्वयंपाकघरात ओट्यावर राहील. यांनी वाचावी आणि तसं करावं.

माझ्या क्लिनिकमधल्या टिपणवह्या मालनबाईकडे द्याव्यात. अकरा जोडप्यांच्या आहेत. पानं सुटी केली आहेत, ज्याने जे सांगितलं ते त्याच्या पाकिटात. बायकांची पाकिटं बायकांच्याच हातात द्यावीत. नवरे घ्यायला आले तर देऊ नयेत. कोणी भांडलं तर म्हणावं, नियम आहे.

वत्सलाला तिचं निळ्या शाईचं पेन. दहावीत तिने दिलं होतं, अजून चालतं. सोबत काही लिहू नये. तिला कळेल किंवा कळणार नाही.

अपेक्षाला माझा चहाचा सेट, पांढरा, सोनेरी काठाचा. लग्नात आलेला आहे आणि एकही कप फुटलेला नाही. दोघांना द्यायचा नाही, तिला द्यायचा. पुढे कोणाबरोबर चहा प्यायचा, ते ती ठरवेल.

इरकली खण वैष्णवीला. यांच्या हाती पाठवू नये, माझ्या कपाटात राहू द्यावा. तिला म्हणावं, काकूंनी सांगितलंय, बाळंतपण झालं की पाचगणीहून येऊन स्वतः ओटी भरणार. आता भरू शकते म्हणून नव्हे. तेव्हाही भरू शकत होते.

यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात, सकाळची पांढरी, संध्याकाळची पिवळी. दूधवाला सहाला येतो. चहाला दोन कपांना दीड चमचा साखर पुरते.

राहिला माझा रिपोर्ट, मे १९७४ चा. तो यांच्या कपाटात ठेवू नये. देवघराशेजारी सासूबाईंचा फोटो आहे, त्याच्याखाली ठेवावा. तुळजाबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणून ठेवण्याआधी यांनी फोटोसमोर बसून तो त्यांना वाचून दाखवावा. तारखेपासून, सगळा, मोठ्याने.